वाचक विचारतात : मागे जोडलेलं घर

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन सहकुटुंब भटकणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. तक्रार हिचची, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याची असो, बॅटरीची असो की ओल्या गादीची, खोदत गेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं : वजन चुकीच्या जागी बसलेलं असतं, नाहीतर पाणी नको तिथे पोचलेलं असतं. त्यामुळे या दोन्हींवर जास्त जागा गेली आहे. उत्तरांतली वजनं आणि मापं हिशोब समजावा म्हणून दिली आहेत. तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पट्टीवर छापलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

प्रश्न : आमचा ट्रेलर साडेसहा मीटरचा, दोन अ‍ॅक्सलचा. रिकामं वजन २,००० किलो. गाडीची ओढण्याची क्षमता २,७०० किलो. म्हणजे ७०० किलो हाताशी आहेत. तरीही उतारावर, किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर मागे डुलायला लागतो. मुलांच्या चार सायकली मागच्या बंपरवरच्या स्टँडवर असतात. गाडी कमी पडते का?

उत्तर : आधी सायकली तिथून काढा, मग गाडीकडे बघू.

ट्रेलर म्हणजे अ‍ॅक्सलवर टेकलेला सीसॉ. चार सायकली आणि स्टँड मिळून ८० किलो धरा. स्टँड अ‍ॅक्सलच्या मागे सव्वातीन मीटर, कपलर, म्हणजे हिचच्या बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड, अ‍ॅक्सलच्या पुढे सव्वाचार मीटर. ८० गुणिले ३.२५ भागिले ४.२५, म्हणजे मागे लटकवलेल्या सायकली पुढचं टोक सुमारे ६१ किलोंनी वर उचलतात. हिचच्या बॉलवर पडणाऱ्या भाराला टंग वेट म्हणतात. तुमच्यासारख्या ट्रेलरला तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो. ट्रेलर सामानासकट २,५०० किलो झाला तर २५० ते ३७५ किलो. समजा तो मुळात २९० होता. सायकली चढल्या की २३० वर आला, नऊ टक्क्यांच्या आसपास. डुलणं इथूनच सुरू होतं. शिवाय टोकाला बांधलेलं वजन एकदा झुलायला लागलं की लवकर थांबत नाही. म्हणून जड सामान अ‍ॅक्सलच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवायचं. सायकली गाडीच्या टपावर गेल्या तर उत्तम. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघून घ्या. अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर भरलेली टाकीही सायकलींचंच काम करते.

युरोपीय घडणीच्या कॅराव्हॅनना मात्र हा १० ते १५ टक्क्यांचा नियम लावू नका. त्यांची रचना पाच ते सात टक्क्यांच्या हिशोबाने असते, आणि तिथल्या बऱ्याच गाड्यांच्या हिचवर ७५ ते १०० किलोंचीच मर्यादा असते.

आता त्या ७०० किलोंबद्दल. ओढण्याची क्षमता हा जाहिरातीतला आकडा आहे. बहुतेक कुटुंबांच्या गाडीत आधी संपते ती गाडीची स्वतःची भारक्षमता, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं माणसं आणि सामान मिळून कमाल वजन. ते ६०० किलो आहे असं धरा. चार माणसं २६०, गाडीतलं सामान ८०, स्प्रिंग बारवाला (मागचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा) हिच ४०. झाले ३८०. उरले २२०, आणि टंग वेट तर किमान २५० हवं! ट्रेलर अजून कागदावर ‘क्षमतेत’ आहे आणि गाडी मर्यादेबाहेर गेलेली आहे. त्यातून वाट एकच : गाडीतलं सामान ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलवर हलवा, किंवा सामानच कमी करा. ‘रिकामं वजन’ या शब्दावरही विसंबू नका. त्यात पाणी, गॅस आणि बऱ्याचदा बॅटरीसुद्धा धरलेली नसते. दीडशे लिटरची टाकी भरली की तिथेच दीडशे किलो गेले.

टंग वेट मोजायचं असेल तर ट्रकच्या वजनकाट्यावर जाणं सर्वांत चांगलं. घरी मोजायची युक्तीही सोपी आहे. बाथरूममधला वजनकाटा घ्या, तेवढ्याच उंचीची वीट घ्या आणि दोन्हींवर एक जाड फळी आडवी टाका. फळीखाली दोन्ही टोकांना पाइपचे तुकडे ठेवा, त्यांच्यातलं अंतर बरोबर ९० सेंटीमीटर. फळी ठेवल्यावर काटा शून्यावर आणा. मग विटेकडच्या पाइपपासून ३० सेंटीमीटरवर ट्रेलरचं पुढचं टोक टेकवा आणि काट्यावरच्या आकड्याला तीनने गुणा. ९५ दिसले तर २८५ किलो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना पाचर लावलेली, कपलर ओढताना असतो त्याच उंचीवर आणि सामान प्रवासाला निघताना असतं तसं भरलेलं हवं. रिकामा ट्रेलर मोजून काही कळत नाही.

एवढं करूनही रस्त्यात डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करू नका. गाडीचा वेग एकदम कमी झाला की मागचं धूड पुढे ढकलतं आणि झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरचा हाताने दाबायचा खटका हळूहळू दाबा. ट्रेलर मागून खेचला गेला की तो आपोआप सरळ येतो. हा खटका कुठे आहे ते अंधारातही हाताला कळायला हवं. रिकाम्या रस्त्यावर दोन-चारदा दाबून बघा.

डुलणं थांबवणारे बार विकत मिळतात. चांगले असतात. पण चुकीच्या भरणीवर तो उपाय नव्हे, डोकेदुखीच्या गोळीसारखं ते दुखणं झाकतं.

प्रश्न : स्प्रिंग बारवाला हिच बसवला आहे. बार किती कड्यांवर ताणायचे, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर : कड्या मोजू नका, पुढच्या चाकावरची कमान मोजा. ट्रेलर न जोडता जमिनीपासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची घ्या. समजा ८६ सेंटीमीटर. बार न लावता ट्रेलर जोडा, पुन्हा मोजा. आता ८९ येईल, कारण मागचं बूड खाली बसलं आणि नाक वर गेलं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला, म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही सैल. आता बार लावून पुन्हा मोजा. उंचीत पडलेल्या फरकातला निदान अर्धा भाग परत यायला हवा, म्हणजे ८७.५ किंवा त्याखाली. नेमकं किती परत आणायचं हे गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि गाडीगणिक ते बदलतं. ८६ च्याही खाली गेलं तर बार जास्त ताणले गेलेत.

प्रश्न : कपलर बॉलवर बसला, खटका लागला, पिनही घातली. तरी पहिल्याच खड्ड्यात कपलर उडाला. साखळ्यांमुळे वाचलो. काय चुकलं?

उत्तर : दोन शक्यता. पहिली, बॉलचं माप. सव्वादोन इंचाच्या किंचित वर, म्हणजे २ ५⁄१६ इंचांचा कपलर २ इंचांच्या बॉलवर आरामात बसतो, खटकाही लागतो, आणि धक्का बसला की तितक्याच आरामात निघतो. बॉलच्या डोक्यावर आणि कपलरवर माप कोरलेलं असतं, वाचून घ्या. दुसरी, कपलरच्या आतली जीभ बॉलच्या खाली न जाता बॉलवरच टेकली होती. बाहेरून हे दिसत नाही. म्हणून खटका लावल्यावर पुढच्या जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं वर उचला. गाडीचं मागचं बूड त्याच्याबरोबर चार-पाच सेंटीमीटर वर आलं तर पकड खरी. कपलर एकटाच वर आला तर पकड बसलेलीच नव्हती.

साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून अडकवा, म्हणजे कपलर सुटलाच तर रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटल्यावर ब्रेक लावणारी पातळ तार साखळीला अडकवू नका. ती वेगळी, गाडीच्या पक्क्या भागाला. आणि इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरमध्ये ती तार ट्रेलरच्या बॅटरीवर काम करते. बॅटरी मेलेली असेल तर तार ओढली जाऊनही चाकं थांबत नाहीत.

प्रश्न : पलंगाच्या कोपऱ्याशी जमीन पायाखाली मऊ लागते. वर छताला डाग नाही. पाणी येतं कुठून?

उत्तर : डाग नाही म्हणून छताला निर्दोष सोडू नका. ट्रेलरच्या भिंतीत पाणी लाकडी पट्टीवरून, वायरच्या कडेने वाहत जातं आणि दीड-दोन मीटर लांब जाऊन दिसतं. कोपऱ्यातली जमीन मऊ असेल तर संशय या क्रमाने : कोपऱ्यावरची उभी धातूची पट्टी, वरच्या कडेचे छोटे दिवे, खिडकीची खालची चौकट, आणि मग छतावरची झरोक्याची झाकणं. कोपऱ्यांच्या पट्टीवरचं रबर काढलं की आतले स्क्रू दिसतात. गंजलेले असतील तर पाणी तिथून आत जातंय हे नक्की.

शोधायची रीत अशी. कोरड्या दिवशी एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. पाइपचा जोर कमी ठेवा. खालून सुरुवात करा : आधी खिडकीच्या खालची भिंत दहा मिनिटं, मग खिडकीची चौकट दहा मिनिटं, मग वरचे दिवे, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही. हे कंटाळवाणं काम आहे. घाई केली तर तेच पुन्हा करावं लागतं.

जागा सापडली की वरून आणखी एक थर चोपडून मोकळं होण्याचा मोह होईल. उघडून बघा. पट्टीच्या किंवा झाकणाच्या कडेखाली ब्यूटाइलची चिकट टेप असते. वर्षानुवर्षं दबून ती सुकते आणि तिथून वाट होते. पट्टी सोडवा, जुनी टेप प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, जागा पुसून पूर्ण वाळू द्या, नवी टेप लावा, स्क्रू बसवा, बाहेर आलेली टेप कापा आणि मग वरून सीलंट. सपाट छतावर आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या भिंतीवर न ओघळणारं. साधं सिलिकॉन छतावर अजिबात नको. ते वर्षभराने कडेने सुटतं आणि त्याचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे काहीही चिकटत नाही. छत काळ्या-पांढऱ्या रबराचं असेल तर साफ करायला पेट्रोलजन्य काहीही वापरू नका, रबर फुगतं.

आतली बाजू मिटवायची घाई नको. ओलावा मोजायचं दोन टोच्यांचं यंत्र स्वस्तातलंही चालतं. लाकडात १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की कोरडं समजा. २० च्या वर असेल तोवर पंखा लावून उघडं ठेवा, दिवस जाऊ द्या. टोच्या लोण्यात शिरल्यासारखा शिरत असेल तर ते लाकूड कुजलं आहे. वाळवून ते परत येणार नाही, कापून बदलावं लागेल.

आणि इथून पुढे वर्षातून दोनदा छतावर चढून प्रत्येक जोडावर नजर टाका. सीलंटला केसाएवढी चीर दिसली की त्याच दिवशी भरा.

प्रश्न : चोवीस तास वास येतो आणि मैल्याची टाकी रिकामी केली तरी पॅनेलवर ‘भरली’ असंच दाखवतं.

उत्तर : झडप उघडी ठेवून वापरता का? पाइप सांडपाण्याला जोडून झडप उघडीच ठेवायची सवय बऱ्याच कुटुंबांना असते. पाणी लगेच वाहून जातं आणि घट्ट ऐवज मागे राहून थराथराने चढत जातो. संडासच्या बरोबर खाली त्याचा डोंगर होतो. एकदा सुकला की तो पाण्याने हलत नाही.

झडप बंद ठेवा. टाकी किमान दोन तृतीयांश भरेपर्यंत उघडू नका. तेवढं पाणी एकदम सुटलं तरच सगळं ओढून नेतं. आधी मैल्याची टाकी, मग अंघोळीच्या आणि सिंकच्या पाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. रिकामी केल्यावर ताबडतोब ८ ते १० लिटर स्वच्छ पाणी परत आत टाका. तळ कोरडा राहता कामा नये. सगळ्या दुखण्याचं औषध पाणीच आहे. पाणी वाचवायचं म्हणून संडासात कंजुषी केली की पुढच्या महिन्यात ती वसूल होते.

पॅनेलचं म्हणाल तर टाकीच्या भिंतीतल्या पातळी मोजणाऱ्या खिळ्यांना कागद चिकटून बसतो आणि ते ‘भरली’ सांगत राहतात. टाकी तीन चतुर्थांश पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी थोडं अंतर चालवा आणि मग सोडा. दोन-तीन वेळा करावं लागतं. मात्र रोज भरलेल्या टाकीनिशी प्रवास करायची सवय नको, ते वजन पहिल्या उत्तरात सांगितलेल्या हिशोबात येतं. कागद निवडताना बरणीत पाणी घेऊन दोन चौकोन टाका आणि दहा सेकंद हलवा. लगदा झाला तर तो कागद चालेल, तुकडे तसेच राहिले तर नाही.

हे सगळं धुवायचा पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळे ठेवा, रंगही वेगळे, कप्पेही वेगळे. हातमोजे घाला. मुलांना या कामाची मदत सांगू नका, कितीही हौस दाखवली तरी.

प्रश्न : थंडीत पहाटे हीटरचा पंखा फिरतो, पण गार हवाच येते. गॅस भरलेला आहे. रात्री झोपताना सगळं ठीक असतं.

उत्तर : बॅटरी. गॅसच्या हीटरमध्ये हवेच्या झोताने सरकणारी एक पातळ पट्टी असते. झोत पुरेसा असेल तरच ती बटण दाबते आणि गॅस पेटतो. बॅटरीचा दाब पडला की पंखा फिरताना दिसतो, पण हळू. पट्टी सरकत नाही, गॅस सुटत नाही आणि तुम्हाला गार वारा मिळतो. यंत्र बिघडलेलं नाही, ते सुरक्षितच वागतंय.

हिशोब करा. हीटरचा पंखा सुमारे ७ अँपिअर घेतो. आठ तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर २८ अँपिअर-तास. गॅसवरच्या फ्रीजचं सर्किट, गॅस आणि धूर ओळखणारी यंत्रं मिळून तासाला सुमारे एक, म्हणजे आणखी ८. झाले ३६. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच, म्हणजे ५०, वापरायचे असतात. त्याखाली नेत राहिलात तर बॅटरीचं आयुष्य घटतं. संध्याकाळचे दिवे, पंप आणि फोन यांनी १५ खाल्ले असतील तर पहाटे चारला तुम्ही नेमके तिथेच आहात. भार काढून तास-दोन तास विसावलेल्या बॅटरीवर मीटर लावा : १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे खूप उशीर झालाय.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतून जवळजवळ सगळी ताकद वापरता येते आणि वजनही कमी असतं. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. थंड मुलखात ती आतल्या कप्प्यात ठेवा. इन्व्हर्टरवर पाण्याची किटली लावत असाल तर तेही हिशोबात धरा : दीड हजार वॉटची किटली दहा मिनिटांत वीसहून जास्त अँपिअर-तास पिते. गॅसवर पाणी तापवा.

प्रश्न : सकाळी गाद्यांची खालची बाजू ओली असते. छत गळत नाही.

उत्तर : हे तुमच्याच श्वासाचं पाणी. चार माणसं रात्रभरात लिटरभराच्या आसपास वाफ सोडतात. एक किलो प्रोपेन (ट्रेलरमधला गॅस) जळलं की १.६ किलो पाणी तयार होतं, म्हणून स्वयंपाकाची शेगडी तासभर चालली की पाव लिटर तिकडून. गादीखालची फळी बाहेरच्या हवेइतकी गार असते, वाफ तिथे थिजते. दोन कामं करा : रात्री छतावरचा झरोका दोन बोटं आणि त्याच्या विरुद्ध टोकाची खिडकी एक बोट उघडी ठेवा, आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या घाला. थंडी वाजते म्हणून झरोका बंद करणं इथेच महागात पडतं. धूर बाहेर सोडणारा हीटर कोरडी ऊब देतो, उघड्या ज्योतीचा हीटर पाणीच वाढवतो. शेगडी पेटवून खोली तापवणं तर सर्वांत वाईट, त्यात कार्बन मोनॉक्साइडने झोपेत जीव जातो. मोनॉक्साइडचं यंत्र झोपायच्या जागेजवळ हवं, प्रोपेनचं जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतं. दोन्हींवर मुदत छापलेली असते. टेस्टचं बटण वाजतं म्हणून मुदतीनंतर ती चालवू नका.

प्रश्न : गॅसवरचा फ्रीज मुक्कामी थंड होत नाही, रस्त्यावर होतो.

उत्तर : ट्रेलर तिरका उभा राहतो. या फ्रीजमध्ये फिरणारा कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाणी उष्णतेवर चढतं आणि आपल्या वजनाने उतरतं. तिरकेपणी ते नळीत साचतं. रस्त्यावर हिंदकळून ते सुटतं, म्हणून तिथे चालतो. साधारण ३ अंश आडवा आणि ६ अंश उभा कल चालतो. तासन् तास त्यापेक्षा तिरका ठेवून चालवलात तर आतलं द्रव्य साखरेसारखं घट्ट होऊन नळी कायमची बुजते. अमोनियाचा वास किंवा मागे पिवळी पूड दिसली तर लगेच बंद करा आणि ट्रेलर मोकळा करा.

म्हणून मुक्कामी आधी आडवा कल : एका बाजूच्या चाकांखाली फळ्या. मग चाकांना पाचर. मग गाडी सोडवा आणि पुढच्या जॅकने लांबीचा कल काढा. कोपऱ्यांचे पाय शेवटी, फक्त डगमग थांबवायला. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर चौकट वाकते आणि दार लागेनासं होतं.

निघण्याच्या आदल्या रात्रीच फ्रीज सुरू करा आणि त्यात आधीच थंड झालेलं सामान भरा.

प्रश्न : टायरची नक्षी नव्यासारखी आहे. बदलायचे का?

उत्तर : टायरच्या अंगावर चार आकडी खूण शोधा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. पाच-सहा वर्षं झाली की बदला, नक्षी कशीही असो. हवा थंड टायरमध्ये, ट्रेलरच्या पट्टीवर लिहिलेली. कमी हवेचा टायर तापतो आणि तापूनच फुटतो. ट्रेलरच्या खास टायरांना वेगमर्यादा असते, अनेकांना १०५ किलोमीटरच्या आसपास. चाक काढून बसवलं की नट टॉर्कच्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि पहिल्या ८० किलोमीटरांत दोन-तीनदा पुन्हा तपासा. थांबलात की चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. चारांतला एक जास्त तापलेला असेल तर बेअरिंगला ग्रीस हवं आहे किंवा ब्रेक घासतोय. बेअरिंग वर्षातून एकदा उघडून ग्रीस भरायचं.

प्रश्न : हिवाळ्यानंतर टाकीतल्या पाण्याला वास येतो. क्लोरिन किती घालायचं?

उत्तर : सुगंध नसलेलं, पाच-सहा टक्क्यांचं घरगुती ब्लीच, लिटरला १ मिलिलिटर. दीडशे लिटरच्या टाकीला दीडशे मिलिलिटर. आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत. फिल्टर काढून ठेवा. पंप लावून एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा. शॉवरही विसरू नका. रात्रभर ठेवून सोडून द्या आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. पाणी तापवायची टाकी भरल्याची खात्री नळातून धार आल्यावरच करा. रिकाम्या टाकीत विजेचा एलिमेंट चालू केला तर तो मिनिटा-दोन मिनिटांत जळतो. आणि बाहेरच्या नळाला जोडताना दाब कमी करणारा रेग्युलेटर पाइपच्या नळाकडच्या टोकाला लावा, साधारण ४० ते ५० पीएसआयचा.

प्रश्न : मोठा प्रवास असला की मुलं मागे ट्रेलरमध्ये झोपून आली तर चालेल का?

उत्तर : नाही. तिथे पट्टे नाहीत, भिंती पातळ आहेत, आणि गॅस मागे आहे. बहुतेक ठिकाणी कायद्यानेही मनाई आहे.

प्रश्न : मागे घेताना ट्रेलर नेहमी उलटाच वळतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाशी भांडण होतं.

उत्तर : स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा असतात तिथे एक हात धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे. वरचं डोकं चालवू नका, हात जिकडे तिकडे ट्रेलर. हालचाल थोडी आणि वेग पायी चालणाऱ्याचा. गाडी आणि ट्रेलरमधला कोन बंद होऊ लागला की मागे रेटून सुधारत नाही, सरळ पुढे येऊन पुन्हा सुरू करा. जागेत शिरताना शक्य असेल तर ट्रेलर ड्रायव्हरच्या बाजूला वळेल असा या, म्हणजे वळण खिडकीतून दिसतं.

भांडणाचं कारण बहुधा ‘डावीकडे, डावीकडे’ हे असतं. कोणाच्या डावीकडे? आधी ठरवा : हात दाखवतो तिकडे ट्रेलरची शेपूट न्यायची. मूठ म्हणजे थांब. बाहेरचा माणूस आरशात दिसला नाही की गाडी तिथल्या तिथे थांबवायची. आणि त्याने गाडीचे टायर न बघता मागचा वरचा कोपरा आणि झाडाची फांदी बघावी, बहुतेक ओरखडे तिथे पडतात.